पार्किन्सन्स : गोळीच्या वेळा, चिकटणारे पाय आणि "मुद्दाम करतायत" असं वाटणं

संथवाहिनी | रविवार, रात्री ११:२०

काल सकाळी मी बाबांवर ओरडले आणि ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले. अकराला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, साडेदहा होऊन गेले तरी बाबा शर्टाच्या तिसऱ्या बटणाशीच. मी म्हटलं, बाबा, तासाभरापूर्वी तर स्वतःचं स्वतः आवरत होतात, आता मुद्दाम करताय का. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चेहऱ्यावर काहीच नाही, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "गोळी उतरलीय गं." घड्याळ बघितलं तर दहाची गोळी घाईघाईत मीच द्यायची राहिले होते.

सात वर्षं झाली त्यांना पार्किन्सन्स होऊन. मला वाटायचं मला सगळं कळतं, कारण वाचलंय भरपूर. मेंदूत सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा छोटासा भाग, तिथल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात, डोपामिन थेट गोळीतून देऊन उपयोग नाही कारण रक्तातून ते मेंदूत शिरतच नाही, म्हणून लेव्होडोपा द्यायचं, ते आत शिरतं आणि तिथे गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. सोबत कार्बिडोपा असतं ते यासाठी की मेंदूत पोचायच्या आधीच त्याचं डोपामिन होऊन मळमळायला लागू नये. हे सगळं पाठ. पण सकाळी नऊला चहाचा कप नीट धरणारा माणूस साडेदहाला बटण का लावू शकत नाही हे आतून पटायला मला सात वर्षं लागली, आणि अजूनही घाई असली की विसरते.

तुमच्याकडे कसं सांभाळता वेळा? म्हणजे गोळीच्या वेळा तर आहेतच, पण त्या वेळांभोवती सगळं घर कसं फिरवता? आणि ज्यांना स्वतःला आहे त्यांनी प्लीज लिहा, बाहेरून आम्हाला जे दिसतं आणि आतून जे होत असतं त्यात किती अंतर आहे ते.

---

चालता_बोलता | सोमवार, सकाळी ६:५०

ताई, मी पेशंट आहे, वय ५८, निदान होऊन सहा वर्षं. आतून कसं असतं ते सांगायचा प्रयत्न करतो.

हात लुळा पडलेला नसतो, जोर असतो त्यात. मी हाताला सांगतो बटण पकड, हात ऐकतो, पण मध्ये कुठेतरी खूप चिखल असल्यासारखं, प्रत्येक हालचाल त्यातून ओढून काढावी लागते. तुम्ही सगळे जे न विचार करता करता, चालताना हात हलवणं, अंथरुणात कूस बदलणं, तोंडातली लाळ गिळणं, ते सगळं मला ठरवून करावं लागतं. एकेक. दिवसभर. त्यामुळे थकवा इतका येतो की तो कंपापेक्षा वाईट. लोक विचारतात हात कमी थरथरतोय का आता, माझा हात तर मांडीवर स्वस्थ असतानाच थरथरतो, काही उचलायला गेलो की बराचसा थांबतो, माझी अडचण थरथर नाहीच, मंदपणा आहे.

आणि गोळी उतरते तेव्हा नुसतं शरीर अडत नाही. मला त्याआधी दहा-पंधरा मिनिटं उगाच धडधड होते, भीती वाटते, कशाची ते सांगता येत नाही. पहिले काही महिने मला वाटलं माझं मन कमकुवत झालंय. मग डॉक्टरांनी सांगितलं की घाबरणं, उदास वाटणं, घाम फुटणं हेसुद्धा ऑफमध्ये, म्हणजे गोळीचा असर उतरलेला असतो त्या वेळात येतं, डोपामिन फक्त हातापायांचं काम करत नाही. गोळी लागू झाली की ती भीती दिवा लावल्यासारखी जाते.

त्या वेळी कोणी "लवकर" म्हटलं की मी आणखी अडतो. शब्द ऐकला की अडतो, खरंच. बाबांना घाईच्या दिवशी गोळी देऊन अर्धा-पाऊण तास काही सांगू नका, नुसतं बसू द्या, मग बघा. आणि ओरडलात म्हणून स्वतःला फार लावून घेऊ नका, त्यांनी तुम्हाला कारण सांगितलं म्हणजे तुम्ही समजून घ्याल असा विश्वास आहे त्यांना. मी घरात पहिली दोन वर्षं सांगायचोच नाही.

---

दीपस्तंभ | सोमवार, दुपारी २:१५

पत्नीला अकरा वर्षं झाली. संथवाहिनी, आधी एक वही करा. आम्ही साधी रेघांची वही घेतली, डावीकडे दिवसाचे तास लिहिलेले, प्रत्येक तासापुढे एकच खूण, "मोकळं", "अडलेलं", "जास्त हलतंय", "झोप". गोळी कितीला घेतली आणि जेवण कितीला झालं ते लाल पेनाने. चार-पाच दिवस पुरतात. डॉक्टरांच्या समोर पेशंट दहा मिनिटं बसतो आणि त्या दहा मिनिटांत तो नेमका मोकळा असतो, त्यांना बाकीचे तेवीस तास दिसणार कसे? वही दाखवल्यावर आमच्या डॉक्टरांनी एकूण डोस तितकाच ठेवला, फक्त चारच्या ऐवजी सहा भाग केले आणि दुपारची दोन तासांची अडलेली वेळ निम्म्यावर आली.

रक्तातलं लेव्होडोपा साधारण दीड तासात निम्मं होतं. सुरुवातीची वर्षं हे जाणवत नाही कारण उरलेल्या पेशी थोडं साठवून ठेवतात आणि लागेल तसं सोडतात, मग तो साठा करणाऱ्या पेशीच कमी होतात आणि माणूस पूर्ण गोळीच्या घड्याळावर येतो. तेव्हा अर्धा तास उशीर म्हणजे अर्धा तासच उशीर नसतो, कधीकधी ती पुढची सगळी दुपार बिघडते.

जेवणाचं पण बघा. लेव्होडोपा आणि प्रोटीन आतड्यातून एकाच दारातून आत जातात, मेंदूच्या दारातही तीच गर्दी. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास, किंवा जेवणानंतर तास-दीड तासाने. प्रोटीन बंद करायचं नाही हां, आधीच वजन उतरतं यांचं, फक्त वेळ सरकवायची. हिला भरपेट दूध-अंडी खाल्ल्यावर गोळी लागूच व्हायची नाही, सगळ्यांना इतकं होतं असं नाही. लोहाची गोळी चालू असेल तर तीही लेव्होडोपाबरोबर नको, ती त्याला धरून ठेवते. आणि बद्धकोष्ठता. यावर कोणी बोलत नाही पण पोट साफ नसेल तर गोळी पोटातच रेंगाळते आणि आपण म्हणत बसतो औषध लागू पडत नाहीये.

आता एक गोष्ट, ती मात्र सगळ्यांनी वाचा. चार वर्षांपूर्वी हिला उलट्या झाल्या म्हणून एका हॉस्पिटलमध्ये रात्री ऍडमिट केलं. उलटी थांबायला मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं आणि तिच्या गोळ्या त्यांनी त्यांच्या राउंडच्या वेळांना लावल्या, सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती लाकडासारखी झाली. मान वळेना, गिळता येईना. मला वाटलं रोग एका रात्रीत दहा वर्षं पुढे गेला. मेटोक्लोप्रमाइड डोपामिनची वाट अडवतं, उलटीचंच प्रोक्लोरपेराझिनही तेच करतं, भासांवर देतात ते हॅलोपेरिडॉलही तेच. उलटीसाठी बहुतेकदा डोम्पेरिडोन देतात कारण ते मेंदूत फारसं जात नाही, पण हृदयाचा त्रास असेल तर तेही डॉक्टरांना विचारूनच. हे त्या रात्री मला माहीत असतं तर. तेव्हापासून माझ्या पाकिटात एक कार्ड असतं, त्यावर गोळ्यांची नावं, मिनिटासकट वेळा आणि खाली "ही औषधं देऊ नका" ही यादी. ऍडमिट करताना ते कार्ड नर्सच्या हातात देतो आणि वेळा बदलणार नाहीत असं केसपेपरवर लिहून घेतो.

गोळ्या अचानक बंद तर कधीच करायच्या नाहीत. ताप चढून, अंग कडक होऊन जिवावर बेतू शकतं.

---

नवी_पालवी | सोमवार, रात्री ९:०५

मी नवीन आहे इथे. मिस्टरांना मागच्या महिन्यात सांगितलं, वय ५२. सगळे प्रतिसाद वाचले आणि खरं सांगू का रडले. अकरा वर्षं, सहा गोळ्या, लाकडासारखं होणं, हे सगळं आमच्या वाट्याला येणारच का?

मागे वळून बघितलं तर किती काय काय होतं. सहा-सात वर्षं ते झोपेत लाथा मारायचे, ओरडायचे, एकदा पलंगावरून उडी मारली, स्वप्नात कोणाच्या तरी मागे पळत होते म्हणे. वास येत नव्हता. गॅसवर काही जळलं तरी कळायचं नाही. मग उजवा खांदा दुखायला लागला, फ्रोजन शोल्डर म्हणून वर्षभर शेक आणि व्यायाम झाले. सही बारीक बारीक होत गेली, बँकेने चेक परत केला तेव्हा कुठे कोणीतरी न्यूरोलॉजिस्टकडे जा म्हणालं.

दोन प्रश्न आहेत. एक, नातेवाईक म्हणतात लेव्होडोपा आत्ता घेऊ नका, त्याचा असर काही वर्षांत संपतो, पुढच्यासाठी राखून ठेवा. दुसरं, मुलांना होईल का? मुलगी २१ ची आहे, तिने हेच पहिलं विचारलं.

---

कवडसा | सोमवार, रात्री ११:४८

पालवी, मला ३८ व्या वर्षी झालं, आता ४७. नऊ वर्षं झाली, नोकरी करते, गाडी चालवते (डॉक्टरांना विचारून, आणि फक्त गोळी लागू असताना). माझंही पहिलं दुखणं खांदाच होता गं, आणि माझेही आठ महिने त्यात गेले. पन्नाशीच्या आत झालं की त्याला यंग ऑनसेट म्हणतात, तुमच्या मिस्टरांचं त्याच्या जरा पुढचं, पण कमावत्या वयातलंच, म्हणून सविस्तर लिहिते.

राखून ठेवायचं काही नसतं. मीपण हेच ऐकून दीड वर्ष गोळी टाळली. त्या दीड वर्षात मी हळूहळू घराबाहेर पडणं सोडलं, मुलाच्या शाळेच्या कार्यक्रमात मागच्या रांगेत बसायला लागले, व्यायाम तर दूरच. ते दीड वर्ष मला कोणी परत देणार नाही. २०१९ साली नेदरलँड्समधला लीप नावाचा अभ्यास आला, त्यात ४४५ पेशंट होते, निम्म्यांना लेव्होडोपा लगेच दिलं आणि निम्म्यांना ४० आठवडे थांबून. ८० आठवड्यांनी बघितलं तर दोन्ही गट सारखेच, लवकर सुरू केल्याने रोग थांबलाही नाही आणि वाढलाही नाही, आणि ते अंग वेडंवाकडं हलणं, डिस्कायनेशिया, तेही जास्त झालं नाही. गोळीचा असर संपत नाही. रोग पुढे जातो, पेशी कमी होतात, म्हणून तोच डोस कमी वेळ पुरतो. लहान वयात डिस्कायनेशिया लवकर येण्याची शक्यता जास्त असते हे खरं, म्हणून कधी डॉक्टर आधी दुसरं काही देऊन बघतात, तो निर्णय त्यांच्याबरोबर बसून घ्या, पण भीतीने नको.

मुलीला सांग की बहुतेकांचा पार्किन्सन्स आईवडिलांकडून आलेला नसतो. काही जीन्स सापडलेत, एलआरआरके२ वगैरे, पण तो जीन असलेल्या सगळ्यांनाही होत नाही.

आणि "हे सगळं आमच्या वाट्याला येणारच का" याचं उत्तर कोणीही देऊ शकत नाही, तुझे डॉक्टरसुद्धा नाही. माझ्याबरोबर निदान झालेली एक मैत्रीण आहे, तिचं नि माझं काहीच जुळत नाही, तिला कंप जास्त, मला कडकपणा, तिला झोप नाही, मला पोटाचा त्रास. तू आज अकरा वर्षांपुढचं वाचलंस. आज तुझ्या घरात पहिला महिना आहे, तर पहिल्या महिन्याचं कर. त्यांना व्यायामाला लाव, घाम येईल असा, दम लागेल असा. सायकल, नाच, ताई ची नावाचा चिनी व्यायाम, जे आवडेल ते, पण आठवड्यात चार-पाच दिवस. रोग थांबवतं असं ठामपणे सिद्ध झालेलं औषध आज तरी नाहीये, पण मंदपणा, तोल, झोप, मूड या सगळ्याला व्यायामाने खरोखर फरक पडतो, मला तर एक आठवडा सुटला तरी जाणवतं.

---

पाऊलवाट | मंगळवार, सकाळी ८:३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, न्यूरोचे पेशंट जास्त बघते. धाग्याच्या नावात चिकटणारे पाय आहेत पण अजून त्यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

फ्रीझिंग म्हणजे माणूस चालता चालता दारात, लिफ्टसमोर, वळताना, किंवा खुर्ची दोन पावलांवर आली की एकदम थांबतो, पाय जमिनीला खिळल्यासारखे, पण वरचं अंग पुढे जात असतं. पडणं इथेच होतं. घरचे काय करतात, पुढून हात धरून ओढतात. कृपा करून ओढू नका, त्याने वजन आणखी पुढे जातं आणि पाय मागेच राहतात.

त्यांच्याबरोबर थांबा. "थांबलोय आपण, काही घाई नाही" एवढंच म्हणा. मग त्यांना एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन हलकेच डोलवायला सांगा, म्हणजे एक पाय मोकळा होतो, आणि मग "मोठं पाऊल, एक" असा आकडा. किंवा आपलं पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवं ठेवा आणि ते ओलांडायला सांगा. हे पहिल्यांदा बघणाऱ्याला विश्वास बसत नाही, जो माणूस सपाट फरशीवर अडतो तो जिना धडाधड चढतो, कारण पायरी डोळ्यांना दिसते. आपोआप चालण्याची वाट बिघडलेली असते, पण बघून ठरवून चालण्याची वाट बऱ्यापैकी शाबूत असते, आपण त्या दुसऱ्या वाटेने जायचं. म्हणून दाराच्या उंबऱ्यापाशी आणि संडासाच्या वाटेवर जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावायच्या, एकेका पावलाच्या अंतरावर. मेट्रोनोम ॲप किंवा ठेक्याचं गाणंही चालतं, काहींना पट्ट्यांपेक्षा ठेका जास्त लागू पडतो.

वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा अर्धगोल घ्यायचा. चालताना बोलायचं नाही, हातात पाण्याचा ग्लास नाही, फोन तर नाहीच, एका वेळी एकच काम. खुर्चीतून उठताना आधी पुढे सरकून कडेला या, पाय मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाका आणि मग उठा, मागे रेलून उठायचा प्रयत्न केला की परत खुर्चीत पडतात. उठल्यावर लगेच चालू लागायचं नाही कारण बऱ्याच जणांचं बीपी उभं राहिल्यावर उतरतं, मिनिटभर थांबायचं, चक्कर नाही ना बघायचं.

आवाजासाठी एलएसव्हीटी लाउड नावाची थेरपी आहे, आठवड्याला चार दिवस असे चार आठवडे, रोज तासभर. त्यात शिकवतात एकच गोष्ट, मोठ्याने बोला. पेशंटला वाटतं मी ओरडतोय, प्रत्यक्षात तो तुमच्याआमच्याइतकाच आवाज असतो, त्यांचं स्वतःच्या आवाजाचं मापच बिघडलेलं असतं. "काय? ऐकू नाही आलं" असं दिवसातून वीस वेळा म्हणण्यापेक्षा "बाबा, मोठा आवाज" एवढी खूण ठरवून घ्या. पाणी पिताना ठसका लागायला लागला तर मात्र थांबू नका, गिळण्याची तपासणी करून घ्या, अन्न श्वासनळीत जाऊन होणारा न्यूमोनिया हे या आजारातलं मोठं कारण आहे दगावण्याचं.

---

शुक्रतारा | मंगळवार, दुपारी ४:००

खाजकुइलीच्या बियांबद्दल कोणी सांगेल का? आईला एकांनी चूर्ण दिलंय, नैसर्गिक आहे म्हणाले, तिला थोडं बरंही वाटलं. गोळ्या चालूच आहेत. आणि डीबीएसचं (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, मेंदूत तारा बसवतात ते) ऑपरेशन कोणाचं झालंय का, कधी करायचं असतं ते?

---

दीपस्तंभ | मंगळवार, रात्री १०:१०

शुक्रतारा, खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपाच असतं, खरोखरचं तेच रसायन. बरं वाटलं ते म्हणूनच. पण मग आई गोळीतून एक डोस घेतेय आणि चूर्णातून दुसरा, आणि चमचाभर चूर्णात किती ते कोणालाच माहीत नाही, प्रत्येक पुडीत वेगळं. मळमळ, बीपी उतरणं, भास, अंग जास्त हलणं, हे सगळं त्यातून होऊ शकतं आणि डॉक्टर बिचारे गोळीचा डोस कमी-जास्त करत बसतील. लपवू नका, डबी घेऊन डॉक्टरांकडे जा.

डीबीएस हिचं तीन वर्षांपूर्वी झालं. १९८७ साली फ्रान्समध्ये ग्रनोब्लला बेनाबिड नावाच्या सर्जननी आधुनिक पद्धतीने सुरू केलं ते हेच. मेंदूत दोन बारीक तारा, छातीत कातडीखाली बॅटरी. आम्हाला सांगितलेलं आणि अनुभवाने पटलेलं असं, की लेव्होडोपाने तुमचं जे सुधारतं तेच बहुतांशी डीबीएसने सुधारतं, फक्त दिवसभर टिकतं. कंप हा अपवाद, तो गोळीला दाद देत नसेल तरी यात जाऊ शकतो. तोल जाणं, आवाज, विसरभोळेपणा यांना उपयोग नाही, आवाज तर हिचा थोडा आणखी बसला. विसर जास्त असेल तर करतच नाहीत. तेव्हा गोळी लागू झाली की छान चालतात पण ऑफ आणि डिस्कायनेशियाने दिवस खाल्लाय, असे लोक यासाठी योग्य. फार उशीर केला तर ती वेळ निघून जाते म्हणून विचारणं तरी लवकर करा. ऑपरेशननंतर सहा महिने सेटिंग जुळवण्यात गेले, पहिल्या आठवड्यात निराश होऊ नका. हिच्या गोळ्या निम्म्या झाल्या, बंद नाही झाल्या.

---

चालता_बोलता | मंगळवार, रात्री ११:३०

इथे एक गोष्ट लिहायची की नाही हा विचार दोन दिवस करतोय. लिहितो, कारण मला कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं.

तीन वर्षांपूर्वी मला प्रामिपेक्सोल सुरू केलं. हे डोपामिनची नक्कल करणारं औषध, रोपिनिरोलही त्याच जातीचं. कडकपणा कमी झाला. पण मी रात्री दोन-तीनला उठून फोनवर वस्तू मागवायला लागलो. हत्यारं, ड्रिल मशीन, घड्याळं. मग शेअरचे सौदे. मी आयुष्यात कर्ज काढलं नाही, आणि पाच महिन्यांत बायकोला न सांगता ठेवीतले पैसे मोडले. मला त्या वेळी ते चूक वाटतच नव्हतं, हे सांगूनही कोणाला खरं वाटत नाही. तिला वाटलं माझा स्वभाव बदलला. माझ्या मुलीने औषधाची माहिती वाचली आणि तिने डॉक्टरांना फोन केला. जुगार, खरेदी, सतत खाणं, लैंगिक गोष्टींचा अतिरेक, हे या औषधांचे माहीत असलेले परिणाम आहेत. डॉक्टरांनी औषध हळूहळू उतरवलं आणि दीड महिन्यात ती ओढ गेली.

बऱ्याच जणांना या औषधाचा असा काही त्रास होत नाही, उपयोगच होतो. पण ते सुरू करताना घरातल्या एका माणसाला डॉक्टरांच्या समोर बसवा आणि त्याला हे माहीत असू द्या. पेशंट स्वतःहून सांगणार नाही. मी नाही सांगितलं.

---

कवडसा | बुधवार, सकाळी ७:१५

दादा, हे लिहायला किती अवघड गेलं असेल. माझंही तेच औषध चालू आहे. आज संध्याकाळी नवऱ्याला हा धागा वाचायला देते.

---

संथवाहिनी | शुक्रवार, रात्री १०:४०

तीन दिवस लिहिता आलं नाही, पण सगळं वाचत होते. वही सुरू केली, आज पाचवा दिवस. दहा आणि दीड या दोन गोळ्यांच्या मध्ये बाबा रोज बाराच्या सुमारास अडतात, रोज, आणि मला सात वर्षं वाटत होतं ते दुपारी कंटाळतात.

चेहऱ्याचं कोणी लिहिलं नाही ते लिहिते. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, ती हल्ली आजोबांजवळ जायचं टाळायची. परवा विचारलं तर म्हणाली, आजोबा माझ्यावर चिडलेत, ते हसतच नाहीत. मी तिला सांगितलं की आजोबांच्या गालातले स्नायू आळशी, नाही, आळशी नाही म्हटलं मी, "हळू" झालेत, त्यांना आत हसू येतं पण बाहेर यायला वेळ लागतो. मग तिने बाबांना विचारलं, आजोबा आत्ता आत हसताय का? बाबा म्हणाले हो. आता ती दिवसातून दहा वेळा विचारते. आणि बाबा दर वेळी खरं उत्तर देतात, कधी "नाही, आत्ता नाही" पण म्हणतात. मी सात वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

अजून एक विचारायचंय. गेल्या आठवड्यात दोनदा बाबा म्हणाले कोपऱ्यात मांजर बसलंय. आमच्याकडे मांजर नाही. त्यांना स्वतःलाच नंतर कळलं की नाहीये. घाबरू का?

---

दीपस्तंभ | शुक्रवार, रात्री ११:२५

घाबरू नका, पण सोमवारी डॉक्टरांना फोन कराच. भास होऊ शकतात, आजारानेही आणि औषधांनीही. मांजर, लहान मुलं, मागून कोणी गेल्यासारखं वाटणं, असंच दिसतं बहुधा. एकदम वाढले तर आधी लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, नुकतंच सुरू केलेलं एखादं औषध, हे बघतात. मग गोळ्यांतलं काही कमी करतात, ते आपलं आपण करायचं नाही. गरज पडली तर क्वेटियापिन किंवा क्लोझापिनसारखं काही देतात. हॅलोपेरिडॉल नाही, हे तुम्ही लक्षात ठेवा.

वाद घालू नका बाबांशी, "तिथे काही नाहीये" असं ठासून सांगू नका. "मला दिसत नाहीये, पण तुम्हाला दिसतंय ना, लाइट लावून बघूया" म्हणा. उजेड जास्त केला की हिचे बरेच कमी झाले. त्यांना स्वतःला कळतंय की नाहीये, ही फार चांगली बाजू आहे.

आणि तुम्ही झोपता का नीट? रात्री साडेदहाला, अकराला लिहिताय रोज म्हणून विचारतो. मी सहा वर्षं सगळं एकट्याने केलं आणि मग माझी पाठ गेली, तेव्हा तिला उचलायलाही कोणी नव्हतं. आठवड्यातून एक दुपार दुसऱ्या कोणावर सोपवा, गोळ्यांचं कार्ड त्याच्या हातात देऊन.

---

नवी_पालवी | शनिवार, सकाळी ९:५०

आम्ही काल गोळी सुरू केली. अर्धी अर्धी, दिवसातून तीनदा. अजून काही फरक नाही, थोडं मळमळलं. मुलीने वडिलांबरोबर सायकल चालवायला सुरुवात केलीये, ती रोज फोटो पाठवते.

एक छोटासा प्रश्न, रात्री कूस बदलताना ते अडतात आणि मला उठवायला लाजतात. याला काही करता येतं का?

---

पाऊलवाट | शनिवार, दुपारी १२:३०

येतं. चादर सॅटिनसारखी गुळगुळीत घ्या, फक्त कमरेखाली येईल एवढ्या भागात, पायाकडे साधीच ठेवा म्हणजे टाचेला पकड मिळते. जाड गोधडी नको, तिचं वजन ढकलता येत नाही. वळताना आधी दोन्ही गुडघे वाकवून उभे करायचे, मान आणि हात वळायच्या बाजूला न्यायचे, मग गुडघे त्या बाजूला पडू द्यायचे, कंबर आपोआप मागून येते. झोपायच्या आधी दिवसा पाच-सहा वेळा सराव करून घ्या, रात्री झोपेत आठवत नाही. रात्रीची शेवटची गोळी कितीला आहे ते डॉक्टरांना सांगा, काही वेळा रात्रीसाठी हळू सुटणारी गोळी देतात, ती मात्र कुटून किंवा चावून द्यायची नाही.

---

संथवाहिनी | शनिवार, रात्री ९:१०

पालवी, लाजण्यासाठी आम्ही एक छोटी घंटी ठेवलीये उशाशी. हाक मारायला आवाज पुरत नाही, आणि घंटीने उठवायचा संकोचही वाटत नाही.

दीपस्तंभ काका, उद्या दुपारी भाऊ येतोय, दोन ते सहा. दीडची गोळी मी देऊन निघते, साडेचारची तो देईल, कार्ड लिहून फ्रिजवर लावलंय. सोमवारी वही घेऊन डॉक्टरांकडे जातोय, काय म्हणतात ते इथे लिहिते.